तीन टाके, चार लाख

पत्र:

आम्ही नाशिकचे. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत, एडिसनला. मागच्या महिन्यात नातू टीपॉयच्या कडेवर आपटला, हनुवटी फाटली. रात्रीचे नऊ वाजून गेलेले, म्हणून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. तीन टाके घातले, तासाभरात घरी. तीन आठवड्यांनी दोन पाकिटं आली. एक हॉस्पिटलचं, ३,८४० डॉलरचं. दुसरं डॉक्टरांचं, ९६० डॉलरचं. म्हणजे चार लाखांच्या वर! आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी हजार-दीड हजार घेतले असते, वर पोराला चॉकलेट दिलं असतं. जावई म्हणतात, इथले लोक लठ्ठ आणि ऊठसूट कोर्टात जाणारे, म्हणून सगळं महाग. आमचे हे म्हणतात, एवढा पैसा ओततात तर उपचारही तसेच असणार.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिकडे असताना ह्यांच्या छातीत रात्री दुखलं. उजाडेपर्यंत बाथरूममध्ये बसून राहिले, कुणाला हाक मारली नाही. मला सांगितलं ते परतीच्या विमानात. नाशिकला आल्यावर अँजिओग्राफी केली, एक स्टेंट बसला. आता मुलीला सातवा लागलाय. बाळंतपणाला तिने बोलावलंय. मला जायचंय, ह्यांना धास्ती वाटते. त्या देशात दवाखाना एवढा महाग का? आणि आम्ही जावं की नाही?

– एक आजी, नाशिक

उत्तर:

प्रिय काकू,

या सदरात मी स्वतःबद्दल फारसं लिहीत नाही, पण आज लिहावं लागेल. लेखणी हातात घेण्याआधी अकरा वर्षं मी हिंजवडीत एका कंपनीत अमेरिकन हॉस्पिटलांची बिलं वसूल करायचं काम करत होते. संध्याकाळी साडेसहाला कॅब यायची, पहाटे साडेतीनला सोडायची. आमच्या कामाचं नाव ‘एआर कॉलिंग’. विमा कंपनीने हॉस्पिटलचे पैसे अडवले की तिकडे फोन लावायचा आणि का अडवले ते विचारायचं. फोनवर माझं नाव मेरी. तर तुमच्या मुलीला आली तसली पाकिटं मी हजारांनी पाहिली आहेत, तीही शिवणीच्या आतल्या बाजूने.

म्हणून आधी कामाचं बोलते. मुलीने ते ४,८०० डॉलर भरून टाकले का? नसतील तर थांबायला सांगा. काही वेळा विमा कंपनीचा हिशोब पुरा व्हायच्या आतच असं पाकीट येऊन धडकतं. विमा कंपनीकडून एक वेगळा कागद येतो किंवा त्यांच्या वेबसाइटवर दिसतो. त्याला ईओबी म्हणतात. त्यावर ठळक अक्षरात ‘हे बिल नाही’ असं लिहिलेलं असतं, म्हणून नेमका तोच लोक फेकून देतात! त्यात हॉस्पिटलने किती मागितले, कंपनीने किती मान्य केले आणि पेशंटच्या वाट्याला किती आले, असे रकाने असतात. पहिल्या दोन रकान्यांतल्या फरकाला हॉस्पिटलकडे येणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा ‘सीओ-४५’ असा कोड असतो. त्याचा साधा अर्थ: ठरलेल्या दरापेक्षा जास्त मागितलंत, वरचं सोडून द्या. हॉस्पिटल ते मुकाट्याने सोडतं. आमच्या फ्लोअरवर सीओ-४५ पाहून कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नसे. ३,८४० मागून मान्य झाले निम्म्याहून कमी, हे मी रोज बघायचे.

आमच्या कागदावर ‘पीआर-१’ आणि मुलीच्या कागदावर ‘डिडक्टिबल’ दिसलं तर ते मात्र मुलीच्या खिशातून जाणार. वर्षाला अमुक हजार डॉलर होईपर्यंत पेशंटने स्वतः भरायचे, कंपनी त्यानंतर हात घालणार. त्या रकमेला तिकडे डिडक्टिबल म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीला पडलेलं पोर हे डिसेंबरात पडलेल्या पोरापेक्षा महाग पडतं, ते यामुळे. हा विनोद आमच्या टीममधल्या एका मुलीचा. तिला स्वतःला जुळी होती.

आणि पाकिटं दोन का? एक इमारतीचं, एक माणसाचं. इमर्जन्सीच्या दारातून आत गेलात की हॉस्पिटल त्या भेटीला एक ते पाच यातली पायरी लावतं. ९९२८१ ते ९९२८५ हे ते कोड, मला अजून झोपेत पाठ आहेत. पायरी जेवढी वरची तेवढी रक्कम मोठी. टाके घालणारे डॉक्टर पुष्कळदा हॉस्पिटलचे नोकर नसतात, त्यांचा गट वेगळा, बिल वेगळं. मुलीने हॉस्पिटलकडे ‘आयटमाइज्ड बिल’ मागावं, म्हणजे ओळीओळीचा हिशोब. तीन टाक्यांना पाचवी पायरी लावली असेल तर तिने फोन करून विचारावं. चूक सापडली तर सुधारतात, आणि बिल डोळ्यांत तेल घालून वाचणारं कुणीतरी आहे हे समजलं तर आणखी लवकर सुधारतात.

आता तुमचा मोठा प्रश्न.

२०२३ मध्ये अमेरिकेने आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले. देशाच्या एकूण उत्पन्नातले १७.६ टक्के, माणशी १४,५७० डॉलर. जर्मनी-फ्रान्ससारखे श्रीमंत देश १२ टक्क्यांच्या आसपास असतात. १९६० मध्ये अमेरिकाही पाच टक्क्यांवरच होती.

एवढा पैसा जातो म्हणजे अमेरिकन माणूस सारखा दवाखान्यात जाऊन बसत असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं. पण तसं नाही. जर्मन किंवा जपानी माणूस डॉक्टरकडे त्याच्याहून जास्त वेळा जातो, हॉस्पिटलात जास्त दिवस राहतो. दर हजार माणसांमागे डॉक्टरही अमेरिकेत पुष्कळ श्रीमंत देशांपेक्षा कमीच. प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही सगळी मोजदाद मांडली आणि निष्कर्ष एका ओळीत सांगितला: फरक उपचारांच्या संख्येत नाही, किमतीत आहे. राइनहार्ट २०१७ मध्ये गेले. त्यानंतर बाकीच्यांनी २०१९ मध्ये पुन्हा मोजलं, उत्तर तेच आलं. टाका तोच, सुई तीच, भाव वेगळा.

भाव वेगळा का, हे तुमच्या बाजूच्याच गोष्टीवरून सांगते. माझे आजोबा बैलाच्या बाजारात जायचे. दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे आणि भाव ठरायचा. शेजारी उभ्या माणसाला कळायचं नाही की बैल कितीला गेला. अमेरिकेत प्रत्येक हॉस्पिटल प्रत्येक विमा कंपनीशी असाच रुमाल टाकून बसतं. एका कंपनीला टाका तीनशेला, दुसऱ्या कंपनीला सातशेला, बिनविम्याच्या माणसाला यादीतल्या भावाने. हे आकडे मी उदाहरणाला घेतले, पण तऱ्हा हीच. ३,८४० हा त्या यादीतला भाव. ‘चार्जमास्टर’ नावाची हजारो ओळींची ती यादी असते आणि तिच्यातले आकडे चढे ठेवलेले असतात, कारण घासाघीस तिथूनच सुरू व्हायची असते. २०२१ पासून हॉस्पिटलांनी हे ठरलेले दर जाहीर करायचे असा नियम आला. केले त्यांनी जाहीर. फायली इतक्या अगडबंब की उघडायला जावयांचा ऑफिसचा लॅपटॉप लागेल आणि वाचायला माझ्यासारखी रिकामी बाई.

आपल्याकडे औषधाच्या पट्टीवर एमआरपी छापलेली असते. आपण तिच्याकडे बघतही नाही इतकी ती सवयीची झाली आहे. मुलीकडे नारिंगी रंगाच्या प्लास्टिकच्या बाटल्या पाहिल्या असतील तुम्ही, पांढऱ्या झाकणाच्या. गोळ्या त्यात मोजून भरून देतात. त्या बाटलीवर पेशंटचं नाव असतं, डॉक्टरचं असतं, एमआरपी नसते. तीच बाटली दोन शेजारणींना दोन भावांत मिळू शकते.

तिथे भाव ठरवणारं कुणीच नाही असं मात्र नाही. पासष्टीच्या पुढच्यांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेलं मेडिकेअर आहे, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, आणि हॉस्पिटलला किती द्यायचे ते मेडिकेअर स्वतः ठरवतं. घासाघीस नाही. रँड या संस्थेने २०२२ चे दर तपासले तेव्हा दिसलं की नोकरीतून मिळणाऱ्या खाजगी विम्याच्या कंपन्या हॉस्पिटलांना मेडिकेअरच्या सरासरी अडीचपट देतात. इमारत तीच, डॉक्टर तोच. कॉटवरच्या माणसाचं कार्ड तेवढं वेगळं. मग खाजगी कंपन्या ऐकून का घेतात? कारण मागच्या तीस-चाळीस वर्षांत हॉस्पिटलांनी एकमेकांना गिळून मोठमोठे समूह केले. ज्या गावात एकच समूह उरला तिथे विमा कंपनी ‘परवडत नाही’ म्हणून उठून जाणार कुठे? त्यात २०१० च्या कायद्याने विमा कंपनीने हप्त्यातले किमान ८० ते ८५ टक्के उपचारांवर खर्च करायचे असं बंधन घातलं. हेतू चांगला होता. पण उरलेल्या १५-२० टक्क्यांत जिचा संसार चालतो, तिला एकूण बिल आकसण्याची घाई कशाला असेल, असंही अनेकजण विचारतात. मला त्यात तथ्य वाटतं.

जावईबापूंचं म्हणणं अगदीच उडवून लावणार नाही. तिथे दर दहा प्रौढांत चार लठ्ठ आहेत आणि त्याचा खर्च आहेच. पण जपानमध्ये पासष्टीच्या पुढची माणसं लोकसंख्येच्या तीस टक्क्यांना टेकली आहेत, अमेरिकेत ती अठराच्या आसपास. म्हातारपणाचा खर्च काय असतो हे तुम्हाला-मला सांगायला नको. तरी जपानचं बिल लहान. कोर्टकचेऱ्यांचं म्हणाल तर दावे, त्यांचे विमे आणि त्या भीतीने केलेल्या जादा तपासण्या असं सगळं धरून अभ्यासकांचा अंदाज एकूण खर्चाच्या दोन-अडीच टक्क्यांचा आहे. लहान रक्कम नाही, पण हत्तीची सोंडही नाही, शेपूट आहे.

काकांना सांगा, इतका पैसा ओतून तिथलं सरासरी आयुर्मान २०२३ मध्ये ७८.४ वर्षं होतं. तशाच श्रीमंत देशांत ते ८२ च्या घरात आहे. अवघड कॅन्सर झाला किंवा नव्यात नवं औषध हवं असेल तर अमेरिका उत्तम. बाकी रोजच्या आजारांत पैशाच्या प्रमाणात मिळत नाही.

मग हे असं झालं कसं? गंमत म्हणजे कुणी बसून ठरवलं नाही. १९४२ मध्ये महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने पगारवाढीला लगाम घातला. माणसं तर हवीत, पगार वाढवता येत नाही, मग कारखान्यांनी आरोग्य विमा देऊ केला, कारण तो पगारात धरला जात नव्हता. पुढे १९५४ च्या करकायद्याने मालक भरतो तो हप्ता करमुक्त असं पक्कं केलं. झालं. युद्ध संपलं, विमा नोकरीला चिकटला तो चिकटला. २०२४ मध्ये एका कुटुंबाचा असा हप्ता वर्षाला सरासरी २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ नोकरदाराच्या पगारातून कापले गेले, उरलेले मालकाने भरले. जावईबापूंना आपली ती कपात दिसते. मालकाने भरलेले एकोणीस हजार दिसत नाहीत, आणि तेही शेवटी त्यांच्याच न मिळालेल्या पगारातले. मुलगी आपल्याच पैशाने मोठा हप्ता भरते आणि तीन टाक्यांना पुन्हा खिशात हात घालते, आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्या कुणाचं तरी बिल आहे असं तिला वाटत राहतं.

आणि या घासाघिशीचा म्हणून जो खर्च होतो त्यात मी स्वतः बसले होते. एक रात्र आठवते, लक्ष्मीपूजनाची. अमेरिकेला दिवाळीची सुट्टी नसते, म्हणून आम्हालाही नव्हती. कुणीतरी माझ्या मॉनिटरवर झेंडूची माळ अडकवली होती. बासष्ट डॉलरचा क्लेम होता, कुणाच्या तरी गुडघ्याच्या फिजिओथेरपीचा. मी फोन लावला, त्रेचाळीस मिनिटं होल्डवर संगीत ऐकलं. शेवटी एक बाई आली आणि म्हणाली, सीओ-१९७, आधी परवानगी घेतली नव्हती. मी म्हटलं, घेतली आहे, नंबर देते. तिने नंबर लिहून घेतला आणि म्हणाली, क्लेम पुन्हा बघायला पाठवते, तीस दिवसांनी फोन करा. महिन्याने मी पुन्हा केला. त्या बासष्ट डॉलरपायी तिकडच्या डॉक्टरकडे परवानगी काढणारी एक मुलगी, कोड घालणारं कुणीतरी, क्लेम पाठवणारं सॉफ्टवेअर, विमा कंपनीत तो नाकारणारं कुणी, नाकारलेला पुन्हा तपासणारं कुणी, आणि हिंजवडीत मेरी. गुडघ्याला यातल्या कुणाचाही हात लागला नव्हता. राइनहार्ट सांगायचे की एका मोठ्या हॉस्पिटलात खाटांपेक्षा बिलं करणारे कारकून जास्त आहेत, तेव्हा ऐकणारे हसायचे. आम्ही हसलो नसतो. आमचा अख्खा मजला त्यावर जेवत होता. माझ्या फ्लॅटचे हप्ते त्यातूनच फिटले, हेही प्रामाणिकपणे सांगते.

औषधांची थोडक्यात सांगते. २००३ मध्ये मेडिकेअरला गोळ्या-औषधांचा विमा जोडला तेव्हा कायद्यातच लिहून ठेवलं की सरकारने कंपन्यांशी भावाची बोलणी करायची नाहीत! सर्वांत मोठं गिऱ्हाईक आणि त्यालाच तोंड उघडायची बंदी. ती २०२२ च्या कायद्याने सैल झाली. पहिली दहा औषधं निवडली, त्यांचे नवे दर १ जानेवारी २०२६ पासून. त्यात मधुमेहाची जानुव्हिया आहे, म्हणजे आपलं सिटाग्लिप्टिन. तुमच्या कॉलनीत सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये ती गोळी घेणारे चारजण तरी निघतील. तिची महिन्याची यादीतली किंमत ५२७ डॉलर होती, बोलणी झाल्यावर मेडिकेअरसाठी ११३. कंपनी तीच, गोळी तीच, नुसतं कुणीतरी समोर बसून भाव विचारला. आपल्याकडे २०२२ मध्ये पेटंट संपलं आणि पुष्कळ कंपन्या उतरल्या, मग भावाचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. पेटंट संपलेली साधी औषधं अमेरिकेतही स्वस्तच मिळतात, पुष्कळशी आपल्याच कंपन्यांची. जीव काढतात ती ब्रँडवाली.

काकांच्या छातीतला स्टेंट हीच गोष्ट उलट बाजूने सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या सरकारने एका आदेशाने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्याआधी लाख-सव्वा लाख मोजणारे पेशंट होते. मर्यादा पुढे आधी थोडी घटली, मग वाढत गेली, आणि काही दवाखान्यांनी दुसऱ्या रकान्यांतून भरपाई करून घेतली अशा तक्रारीही झाल्या. आपलं सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही. २०२१-२२ मध्येही आपल्या आरोग्यखर्चातले ३९ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले, आणि आजारपणात जमीन विकलेली माणसं नाशिक जिल्ह्यात शोधायला लांब जावं लागणार नाही. पण भाव बांधता येतो. अमेरिकेतच मेरीलँड राज्य १९७० च्या दशकापासून हे करतंय: हॉस्पिटलांचे दर एक आयोग ठरवतो आणि एका हॉस्पिटलात कार्ड कुणाचंही असो, भाव जवळपास एकच. न्यू जर्सीहून गाडीने दोन-तीन तासांवर. मुलगी चुकीच्या राज्यात राहते, एवढंच.

आता तुमचं जाणं. माझं मत विचाराल तर जा. पण काकांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर, आणि तिकीट काढण्याआधी विमा बघून.

पाहुण्यांसाठीचे विमे दोन जातींचे असतात. एकात प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते, समजा इमर्जन्सीला चारशे डॉलर, मग बिल चार हजारांचं का असेना. हप्ता कमी म्हणून लोक तोच घेतात आणि फसतात. दुसरा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’. सुरुवातीची ठरलेली रक्कम तुम्ही भरायची, पुढे कमाल मर्यादेपर्यंत कंपनी. हा घ्या. काकांचा स्टेंट हा आधीपासूनचा आजार धरला जाणार, त्यामुळे पॉलिसीत ‘अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन्स’ (म्हणजे जुना आजार अचानक उसळला तर) हे शब्द आहेत का, असतील तर किती रकमेपर्यंत आणि किती वयापर्यंत, हे जावयांनी इंग्रजीतून स्वतः वाचावं. एजंटच्या तोंडच्या ‘सगळं कव्हर आहे’ वर जाऊ नका. सत्तरीनंतर ही रक्कम पुष्कळ ठिकाणी एकदम खाली येते. काका सत्तरीच्या अलीकडे असतील तर बरंच. डिस्चार्ज कार्ड, अँजिओची सीडी, ईसीजी आणि पूर्ण मुक्कामाची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत नाही.

खोकला, ताप, लघवीची जळजळ, पाय मुरगळला, अशा गोष्टींना तिथे ‘अर्जंट केअर’ नावाची छोटी क्लिनिक असतात. इमर्जन्सीच्या मानाने खर्च फारच कमी. त्यातली बरीचशी रात्री आठ-नऊला बंद होतात, म्हणून नातवाला इमर्जन्सीत नेलं यात मुलीचं काही चुकलं नाही. घराजवळचं कोणतं आणि किती वाजेपर्यंत उघडं, हे पहिल्याच दिवशी फ्रिजवर चिकटवून ठेवा.

छातीत दुखलं तर मात्र अर्जंट केअर नाही, जावई मीटिंगमधून उठायची वाट बघणं नाही, इनो नाही. ९११. हा परिच्छेद काकांना तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, तुमच्याकडे तोंड करून बसवून. काका, १९८६ पासून तिथे कायदा आहे: मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत माणूस आला की आधी तपासायचं, जीव धोक्यात असेल तर स्थिर करायचं, विमा आणि पैसे नंतर. कुणी तुम्हाला दारातून परत पाठवू शकत नाही. बिल येईल. मोठं येईल. पण त्या बिलावर फोन करता येतो, ओळीओळीचा हिशोब मागता येतो, रक्कम कमी करून घेता येते, हप्ते पाडता येतात. धर्मादाय म्हणून करसवलत घेणाऱ्या हॉस्पिटलांना गरजूंना सूट देण्याचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, आणि पहिल्या बिलानंतर २४० दिवसांपर्यंत त्यासाठी अर्ज घ्यावा लागतो. अकरा वर्षांत मी अशी बिलं हजारांची शेकड्यांवर आलेली पाहिली आहेत. त्या रात्री तुम्ही बाथरूममध्ये बसून जे वाचवलंत ते डॉलर होते असं तुम्हाला वाटतं. तुमच्या मुलीला तसं वाटत नसणार, आणि तिला हे अजून माहीत नसेल तर सांगून टाका. बाळंतिणीला नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

एक बारीक गोष्ट. २०२२ पासून तिथे असा कायदा आहे की इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या, डॉक्टरने हात लावला तरी पेशंटला अचानक जादा बिल लावता येत नाही. मुलीला त्याचं संरक्षण आहे. तुमच्या पाहुण्यांच्या विम्याला नाही. आणि रस्त्यावरची अँब्युलन्स त्या कायद्यात कुणालाच नाही, हे ऐकून काकांनी पुन्हा बाथरूम गाठू नये.

बाळंतपणाला मुलीने नाशिकला यावं का, असं तुमच्या मनात असेल, लिहिलं नसलंत तरी. आता सातव्यात लांबचा प्रवास नको, आणि तिचा विमा चालू आहे, त्यात बाळंतपण बसतं. वर्षाला पेशंटच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार याला तिच्या पॉलिसीत एक कमाल आकडा असतो. तो तिने आत्ताच बघून ठेवावा. नातवाच्या हनुवटीचे पैसेही त्यात धरले गेले असतील, तेव्हा बाळंतपण याच वर्षात बसलं तर त्या तीन टाक्यांचा थोडा उपयोग झाला म्हणायचा.

पाकिटं पुन्हा येतील, या वेळी चार-पाच. हॉस्पिटलचं एक, बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांचं एक, पाठीत इंजेक्शन देणाऱ्या भूलतज्ज्ञाचं एक, आणि बाळाच्या नावाने स्वतंत्र एक. हो, जन्मल्याच्या दिवसापासून बाळ तिथे वेगळा पेशंट असतो. बाराव्या दिवशी तुम्ही पाळण्यात नाव ठेवाल ते ठेवा, पण विम्यातलं नाव जावयांच्या ऑफिसात जन्मापासून तीस दिवसांच्या आत गेलं पाहिजे. त्या गडबडीत हे हमखास राहतं. ते काम तुम्ही अंगावर घ्या.